थंडीत शेगडी सगळ्यात शेवटी: गावातल्या घराची तयारी कोणत्या क्रमानं करायची

डिसेंबर लागला की आमच्या गावात घराघरात एकच चित्र. संध्याकाळी सातलाच दारं लावलेली, मधात घमेल्यात निखारे, सगळे त्यावर हात धरून बसलेले, अन् तिकडं टिन अन् भिंतीच्या मधल्या बोटभर फटीतून वारा सूं सूं करत आत येऊन राहिला. म्हणजे एका हातानं लाकडं जाळायची अन् दुसऱ्या हातानं थंडी आत घ्यायची. मग महिन्याच्या शेवटी सिलेंडर लवकर संपला, बिल जास्त आलं, आजीचा खोकला काही जाईना अशी तक्रार.

लोकं मेहनतीत कमी पडत नाहीत, क्रमात चुकतात. थंडी वाजली की पहिला विचार विस्तवाचा, नाहीतर हिटरचा. पण घर म्हणजे बुडाला भोक असलेली बादली आहे, आधी भोक बुजवा अन् मग पाणी भरा. माझा क्रम असा: आधी फटी, मग छत, मग अंथरूण, मग आंघोळीचं पाणी, त्यानंतर विस्तव, अन् विजेचा हिटर जमलंच तर नाहीच. खाली तेच टप्प्याटप्प्यानं लिहिलं आहे. टिनाचं, कवेलूचं (म्हणजे कौलारू), मातीचं किंवा स्लॅबचं, कोणतंही घर असो, थोडा फरक करून सगळ्यांना लागू पडते.

आपल्या विदर्भातली थंडी म्हणजे काय थंडी, असं पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना वाटते. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशावर उतरला होता, अन् गोंदियाकडं तर दरवर्षीच हाडं गोठतात. आपली घरं बांधलेली असतात उन्हाळ्यासाठी, हवा खेळावी म्हणून. तीच हवा डिसेंबरात मारते.

टप्पा १: तयारी दिवाळीच्या आसपास, थंडी पडल्यावर नाही

हे सगळे कामं ऊन चांगलं असताना करायचे, दोन रविवार पुरतात.

पहिलं काम गोधड्या, वाकळा, दुलया, ब्लँकेटं बाहेर काढायचं. पेटीत वर्षभर पडलेल्या गोधडीत ओल बसलेली असते अन् ओल बसलेला कापूस ऊब धरत नाही, कितीही जाड असू द्या. दोन दिवस कडक उन्हात, दोन्ही बाजूंनी, मधे एकदा काठीनं झोडपून. ऊन उतरायच्या आधी, चारच्या सुमारास घडी करून आत आणा. अंधार पडेपर्यंत वाळत ठेवली तर दंव बसते अन् दिवसभराची मेहनत वाया.

दुसरं सरपण. ओलं लाकूड जळते तेव्हा बरीच आच त्यातलं पाणीच उकळण्यात जाते, अन् धूर होतो तो वेगळाच. दोन लाकडं एकमेकांवर आपटून पाहा. ठण् आवाज आला तर वाळलं, ठप् आला तर अजून वेळ आहे. बाभळीचं लाकूड, मागच्या हंगामाची तुराटी, गवऱ्या, सगळं टिनाखाली, जमिनीपासून वीतभर वर, खाली दोन दगड अन् फळी टाकून रचा.

इथं जरा आडवळण घेतो. पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांचा, ढीग वर्षभर धुऱ्यावर किंवा घरामागं रचून ठेवायची सवय सोडा. गुलाबी बोंडअळीचे कोष त्यातच राहतात अन् पुढच्या कपाशीवर तेच येतात. पऱ्हाटी जाळायची असेल तर उपटल्यावर त्याच हंगामात संपवा, पुढच्या थंडीसाठी सांभाळू नका.

तिसरं, घरातले प्लग, बोर्ड, वायरी एकदा पाहून घ्या. कुठं काळं पडलं, कुठं पिन ढिली बसते, कुठं उघडी वायर टेपनं गुंडाळून चालली आहे. पाण्याचा रॉड लावायच्या आदल्या दिवशी हे पाहायचं नसते, तेव्हा वायरमन सापडत नाही.

तपासा: पांघरुणं वाळली, सरपण कोरडं, बोर्ड ठीक. हे तीन झाल्याशिवाय पुढं जाऊ नका.

टप्पा २: फटी शोधा अन् बुजवा

हा टप्पा सगळ्यात स्वस्त अन् सगळ्यात जास्त लोकं हाच सोडतात.

फटी डोळ्यानं शोधायच्या नाहीत, उदबत्तीनं शोधायच्या. वारा असलेली संध्याकाळ निवडा, दारं-खिडक्या लावा, पंखा बंद, अन् पेटलेली उदबत्ती हातात घेऊन चौकटीच्या कडेकडेनं सावकाश फिरा. जिथं धूर सरळ वर न जाता आतल्या बाजूला वाकतो तिथं फट. लगेच खडूनं खूण करा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा मला वाटलं होतं चार-पाच खुणा होतील, एका खोलीत एकोणीस झाल्या, त्यातली सर्वात मोठी फट तर बोर्डाच्या वायरीसाठी भिंतीला पाडलेलं भोक होतं, ज्यातून आम्ही सहा वर्षं थंडी घेत होतो.

१. उत्तरेकडच्या भिंतीपासून सुरुवात करा. आपल्याकडं थंड वारा त्याच बाजूनं येतो. वेळ किंवा पैसा कमी असेल तर तेवढीच बाजू करा, अर्ध्याहून जास्त काम तिथंच होते.

२. मातीच्या भिंतीला माती, शेण अन् बारीक कुटार कालवून भरा. एकदम जाड थापलं तर वाळताना तडकते, म्हणून पातळ भरायचं, वाळू द्यायचं, परत भरायचं. विटा-सिमेंटच्या भिंतीला सिमेंट. मातीच्या भिंतीत सिमेंट भरू नका, दोन्ही एकमेकांना धरत नाहीत, एका पावसाळ्यात सुटते.

३. खिडकीच्या पल्ल्याच्या कडेला जुन्या सुती लुगड्याची पट्टी खिळ्यानं किंवा फेविकॉलनं लावा. कागद कोंबला तर आठ दिवसात उंदीर नाहीतर पोरं काढतात.

४. दाराच्या खाली जुन्या पॅन्टचा एक पाय कापून त्यात रेती भरा, दोन्ही टोकं शिवून टाका. रात्री दाराला लावायची, सकाळी पायानं बाजूला सारायची. भुसा भरला तर हलका पडतो, सरकतो, रेतीच भरा.

५. टिन अन् भिंतीच्या मधली फट सगळ्यात मोठी असते. तिथं बारदान्याच्या वळकट्या करून कोंबा. सापा-विंचवाचा रस्ताही त्याच्यानं बंद होतो.

सावधान: सगळ्याच फटी बुजवायच्या नाहीत. ज्या खोलीत चूल, शेगडी किंवा गॅस आहे तिथं वरच्या अंगाला हातभर झरोका उघडा राहिलाच पायजे. कवेलूच्या स्वयंपाकघरात वर प्लॅस्टिक ताणून झोपणारे मी पाह्यले आहेत, ते काहून चुकीचं आहे ते टप्पा ६ मधे येते.

टप्पा ३: डोक्यावरचं टिन

टिनाचं घर रात्री बाहेरच्यापेक्षाही गार काहून वाटते? आभाळ निरभ्र असलं की टिनातली उष्णता थेट आभाळाकडं निघून जाते अन् टिन आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड होते. म्हणूनच पहाटे त्याच्या खालच्या बाजूनं थेंब लटकतात अन् पांघरुणावर टपकतात, छत गळून राहिलं असं लोकांना वाटते. गळत नसते, आपल्याच श्वासाची वाफ असते ती.

उपाय एकच, टिन अन् आपल्या मधात हवेचा एक थर उभा करायचा. टिनाच्या खाली वीतभर अंतर ठेवून बांबूचे तट्टे बांधा, त्यावर बारदाना पसरा. बुरडाकडून तट्टे आणणं जमत नसेल तर जुन्या सुती साड्या जोडून शिवा अन् दोऱ्या ताणून चादरीसारख्या लावा. टिनाला चिकटवू नका, चिकटलं की थर राहत नाही अन् कापड ओलं होते. वीतभर जागा म्हणजे वीतभर.

सगळं घर झाकायची गरज नाही. ज्या खोलीत झोपता तेवढंच करा. आमच्याकडं सगळ्यांनी दोन महिने एकाच खोलीत झोपायचं ठरवलं आहे, तेवढीच खोली सांभाळायची. पाच माणसांच्या अंगाची ऊब काही कमी नसते.

सावधान: हे छत चुलीवर, गॅसवर अन् लटकत्या बल्बजवळ कधीच नको. बल्बच्या चारही बाजूंनी हात-दीड हात मोकळं ठेवा. थर्माकोलच्या शीट लावायचा मोह होतो, स्वस्त आहे, हलकं आहे, पण पेटलं की वितळून अंगावर पडते अन् धूर विषारी. मी लावत नाही.

अन् दिवसाचं ऊन फुकट आहे ते आत घ्या. दक्षिणेकडची दारं-खिडक्या सकाळी दहापासून उघडी, चार-साडेचारला बंद. डिसेंबरात साडेपाच-पावणेसहाला दिवस मावळतो. दिवस मावळल्यावर खिडकी लावणारा माणूस उशिरा लावतो, तोवर भिंतीतली ऊब निघून गेलेली असते.

टप्पा ४: अंथरूण, वरचं नाही खालचं

इथं शंभरात नव्वद घरं चुकतात. अंगावर तीन ब्लँकेटं अन् खाली बाजेवर एक पातळ चादर. बाज विणलेली, खालून वारा मोकळा, पाठ रात्रभर गार. बरं, वरचा कापूस फुललेला असतो म्हणून ऊब धरतो, खालचा आपल्या वजनानं दबतो, म्हणून खाली जास्त लागते.

१. बाजेवर आधी बारदाना किंवा जाड चटई, जेणेकरून वारा थांबेल.
२. त्यावर वाकळ किंवा जुनी गादी.
३. त्यावर सुती चादर.
४. अंगावर आधी मऊ, पातळ ब्लँकेट, त्याच्यावर गोधडी किंवा दुलई. एका भारी पांघरुणापेक्षा दोन हलकी बरी, मधल्या हवेचाच फायदा.
५. डोक्याला टोपी किंवा मफलर, पायात मोजे. टोपी घातली की एक ब्लँकेट कमी लागते, स्वतः करून पाहा.

जमिनीवर झोपणाऱ्यांनी, खास करून भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडं, खाली धानाची तणीस पसरून त्यावर पोतं अन् वाकळ टाकायची. चार बोटं जाडीची पुरते. दर आठ दिवसांनी ती उन्हात घाला, दबली की बदला. तणशीवर झोपत असाल तर त्या खोलीत बिडी, दिवा, निखारे काही म्हणजे काही नको.

झोपायच्या अर्धा तास आधी गरम पाण्याची रबरी पिशवी पांघरुणात ठेवून द्या, अंथरूण तापलेलं मिळते. पिशवी नसेल तर काचेची बाटली वापरू नका, तडकते. स्टीलची घट्ट झाकणाची बाटली, वर मोजा चढवून. लहान लेकराजवळ अन् शुगर असलेल्या माणसाच्या पायाजवळ झोपायच्या आधी काढून घ्यायची. शुगरवाल्यांना पायाला चटका लागलेला समजतच नाही.

तपासा: पहाटे चारला जाग आली तर हात पाठीखाली घाला. पाठीखालची चादर गार लागली तर खालचा थर वाढवा, वरचा नको.

टप्पा ५: आंघोळीचं पाणी, खरा खर्च इथं

थंडीत बिल वाढते ते हिटरनं कमी अन् आंघोळीनं जास्त. हिशोब करून दाखवतो, कारण हिशोब केल्याशिवाय घरचे ऐकत नाहीत.

मागच्या जानेवारीत एका पहाटे मी तापमापक बुडवून पाह्यला. छतावरच्या प्लॅस्टिकच्या टाकीतलं पाणी १३ अंश. त्याच वेळी बोअर सुरू करून पहिल्या दोन बादल्या सोडून तिसरीत पाह्यलं तर २६ अंश. जमिनीखालचं पाणी थंडीत गार होत नाही, विहिरीतून सकाळी वाफ निघताना सगळ्यांनी पाह्यली आहे, पण त्याचा उपयोग कोणी करून नाही राहिलं.

आता २० लिटरची बादली आंघोळीला ४२ अंशापर्यंत तापवायची. टाकीच्या पाण्याला साधारण ०.६७ युनिट वीज लागते, बोअरच्या ताज्या पाण्याला ०.३७ युनिट. दीड हजार वॅटचा रॉड असेल तर पहिल्याला २७ मिनिटं, दुसऱ्याला १५. घरात पाच माणसं धरा, दिवसाला दीड युनिट फरक, महिन्याला ४५ युनिट. घरगुती बिलाचे टप्पे १०० अन् ३०० युनिटवर बदलतात हे लक्षात ठेवा. ९० वर थांबणारं बिल १३५ वर गेलं तर वरचे ३५ युनिट महाग दरानं लागतात.

गॅसवर तापवत असाल तर टाकीच्या पाण्याच्या एका बादलीला अंदाजे ९० ग्रॅम गॅस जातो, बोअरच्या पाण्याला ५० च्या आत. पाच जणांच्या आंघोळीला १४.२ किलोचा सिलेंडर एक महिना पुरते की दोन महिने, हे नुसतं पाणी कुठून घेतलं त्याच्यावर ठरते.

म्हणून क्रम असा:

१. आंघोळीचं पाणी टाकीतून घेऊ नका. पहाटे हातपंप किंवा बोअरचं ताजं पाणी भरून लगेच तापायला लावा. पहाटे लाइट नसते त्या गावात संध्याकाळीच भरून घरात, झाकण लावून, खाली पोतं टाकून ठेवा.
२. लेकरांची अन् म्हाताऱ्यांची आंघोळ दुपारी. काळा ड्रम किंवा काळी पाइपची गुंडाळी दक्षिणेच्या उन्हात ठेवा, तीन वाजेपर्यंत कोमट पाणी फुकटात तयार. सकाळीच आंघोळ झाली पायजे असा हट्ट असेल तर तो आजीशी तुम्हीच बोला.
३. तापवताना झाकण. झाकण नसलेल्या गंजातून, म्हणजे पातेल्यातून, बरीच आच वाफेसोबत निघून जाते.
४. सगळ्यांनी एकापाठोपाठ आंघोळ. तापवलेलं पाणी तासभर पडू दिलं की परत तापवणं आलं.

एक गैरसमज इथंच मोडून टाकतो. अर्धी बादली कडक तापवायची अन् गार पाणी मिसळायचं, त्यानं गॅस वाचतो असं म्हणतात. वाचत नाही. आच तेवढीच लागते, उलट कडक पाण्यातून वाफ जास्त जाते. पंधरा लिटरमध्ये आंघोळ केली तर खरं वाचते.

बंब असेल तर उत्तमच, फक्त तो घराबाहेर किंवा न्हाणीच्या उघड्या बाजूला पेटवायचा अन् मधलं नळकांडं दर पंधरा दिवसांनी झाडायचं. राख अन् काजळी साचली की त्याच पाण्याला जास्त लाकूड लागते.

रॉड वापरणाऱ्यांसाठी, अन् हे घरातल्या प्रत्येकाला पाठ पायजे:

बादलीत पाणी आधी, रॉडवरच्या खुणेपर्यंत. मग रॉड. मग प्लग. मग बटण. काढताना बटण बंद, प्लग बाहेर, अर्धा मिनिट थांबा, तेव्हा रॉडला हात. पाणी तापलं का हे पाहायला चालू रॉड असताना बोट बुडवायचं नाही, कधीच नाही. लोखंडी बादली नको, पातळ प्लॅस्टिकची पण नको, रॉड कडेला टेकला की वितळते. दीड हजार वॅटचा रॉड साडेसहा अँपियर ओढतो, मोबाइल चार्जिंगच्या छोट्या प्लगला तो लावायचाच नाही, मोठा १६ अँपियरचा प्लग अन् अर्थिंग लागते. मोकळ्या दोन वायरी काड्या खोचून लावणारे अजूनही आहेत, त्यांना काय सांगावं बापा.

सावधान: लहान पोरं घरात असतील तर न्हाणीचं दार रॉड चालू असेपर्यंत बाहेरून कडी लावून. भाजलं तर टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका, साधं गार वाहतं पाणी २० मिनिटं, मग दवाखाना.

टप्पा ६: विस्तव

वरचे पाच टप्पे झाले असतील तर शेगडी फक्त संध्याकाळच्या दोन तासांपुरती लागते. अन् ती शेकायला लागते, झोपायला नाही.

काही वर्षांमागं आमच्याच घरी झालं. आजीला थंडी वाजते म्हणून तिच्या खोलीत बाभळीच्या निखाऱ्याचं घमेलं ठेवलं, धूर पूर्ण गेल्यावरच आत नेलं, दार लावलं. आई सोबत झोपली होती. सकाळी आईला उलट्या, डोकं जड, पाय लटपटून राहिले, अन् आजी हाक मारली तर नुसती हूं करे. आम्ही म्हटलं रात्रीची वांग्याची भाजी बाधली. दार उघडं राह्यलं, दोघींना ओसरीवर आणून बसवलं, तासाभरात जरा माणसात आल्या, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. दवाखान्यात नेलं, वाचल्या. वांग्याचा काहीच दोष नव्हता.

निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघते. त्याला रंग नाही, वास नाही. ते रक्ताला ऑक्सिजनपेक्षा २०० पटीहून जास्त घट्ट चिकटते, म्हणून शरीराला हवा मिळत असूनही मिळत नाही, अन् माणूस झोपेतच जातो. धूर नाही म्हणजे धोका नाही, ही सगळ्यात घातक समजूत. उलट धूर असला तर माणूस खोकून बाहेर तरी पळतो. खोलीत पाण्याची बादली ठेवली की गॅस शोषला जातो, हेही खोटं. पाणी काही शोषत नाही.

१. शेकोटी ओसरीवर किंवा अंगणात. आत नेलीच तर दार अन् समोरचा झरोका दोन्ही उघडे.
२. झोपायच्या आधी घमेलं घराबाहेर, अन् निखाऱ्यावर पाणी किंवा रेती. राखेखाली निखारे सकाळपर्यंत जिवंत राहतात, ती राख उकिरड्यावर टाकली अन् वारा सुटला की कुटाराचा ढीग गेलाच म्हणून समजा.
३. शेकताना नायलॉनची साडी, शाल, लोकरी मफलरचं टोक, ओढणी आवरून. लहान लेकरू शेकोटीच्या अन् आपल्या मधात नको, मांडीवर.
४. टायर, प्लॅस्टिक, फवारणीच्या औषधांचे डबे जाळायचे नाहीत. पोरं गंमत म्हणून टाकतात, धूर सगळ्यांच्या छातीत जातो.
५. कार किंवा ट्रॅक्टरचं इंजिन बंद शेडमध्ये सुरू ठेवून बसायचं नाही, वायू तोच.

तपासा: रात्री घरातल्या दोघा-तिघांचं एकाच वेळी डोकं दुखते, मळमळते, झोप अनावर येते? कारण शोधत बसू नका. दारं उघडा, सगळ्यांना मोकळ्या हवेत न्या, १०८ ला फोन.

टप्पा ७: हिटर अन् बाकीची वीज

दोन हजार वॅटचा हिटर तासाला दोन युनिट खातो. रात्री सहा तास म्हणजे १२ युनिट, महिन्याला ३६०. गावातल्या घराला हे परवडत नाही अन् गावच्या वायरिंगला झेपत नाही. बाळंतीण किंवा आजारी माणूस असेल तर लावा, पण झोपायच्या आधी अर्धा तास, पांघरुणापासून चार हात लांब, एक्स्टेंशन बोर्डावर नाही, अन् त्यावर ओले लंगोट वाळत घालायचे नाहीत.

फ्रिजचा आकडा थंडीत कमी करून ठेवा, हे कोणीच करत नाही.

टप्पा ८: रात्रीचं ओलीत

ज्यांना शेतातल्या पंपाची थ्री फेज वीज रात्रीच मिळते त्यांना घर उबदार असून काय कामाचं, गहू-हरभऱ्यात पहाटे दोनला उभं राहावंच लागते. सौर पंप किंवा दिवसाची लाइन मिळेपर्यंत हे करा.

एकटं जाऊ नका. रात्री पाणी बदलावं लागणार नाही असं नियोजन दिवसाच करा, म्हणजे दांड अन् वाफे उजेडात बांधून ठेवायचे. पायात गमबूट, आत कोरडे मोजे, अन् दुसरी मोज्याची जोडी पिशवीत. अंग गार होते ते ओल्या कपड्यानं. कपडे भिजले तर घरी जाईपर्यंत वाट पाहू नका, तिथंच बदला. स्टार्टरला ओला हात नको, खाली कोरडी फळी टाका. जागलीच्या खोपीत शेगडी असेल तर टप्पा ६ तिथंही लागू आहे.

दारूचा घोट घेतला की गरम वाटते, पण कातडीतल्या रक्तवाहिन्या सुटतात अन् आतली ऊब बाहेर जाते. पिऊन बांधावर झोपलेला माणूस सगळ्यात लवकर गारठतो.

ऑटो स्टार्टर लावून घरी झोपावं असं वाटते, मलाही वाटते. पण लाइट आली की सगळे पंप एकदम सुरू होतात अन् डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, बसते, मग आठ दिवस सगळंच बंद. मोटारीला कॅपॅसिटर मात्र जरूर लावा.

टप्पा ९: ढोरं अन् म्हातारी माणसं

गोठ्याच्या उत्तरेला बारदान्याचा पडदा, खाली कोरडं कुटार किंवा तणीस, अन् पहाटे गार पाण्याऐवजी बोअरचं ताजं पाणी. नवीन वासराला, बकरीच्या पिलाला पोत्याचं झूल पुरते. पिलांसाठी बल्ब लावलाच तर तो पडणार नाही असा पक्का तारेनं बांधा, खाली कुटार आहे हे विसरू नका.

म्हाताऱ्यांचं वेगळं असते. त्यांना थंडी वाजलेली कळत नाही, सांगतही नाहीत. बोलणं अडखळते, उगाच झोपाळू झाले, पोटाला हात लावला तर पोटही गार लागते, असं असेल तर ते वयामुळं नाही. शरीराचं तापमान ३५ अंशाखाली गेलं की जीवाला धोका असतो. ओले कपडे काढा, छाती-पोट-पाठ आधी झाका, शुद्धीवर असतील तर कोमट गोड काहीतरी पाजा, हातपाय जोरात चोळू नका, शेकोटीजवळ नेऊन भाजू नका, अन् दवाखाना. बीपीच्या गोळ्या थंडीत बंद करायच्या नाहीत, अन् पहाटे चारला गार पाण्यानं आंघोळ करायचा नेम दोन महिने सोडायला सांगा.

थंडीची लाट कधी येणार हे ओळखायला हवामान खात्याचा इशारा पाहत जा. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा खाली अन् नेहमीपेक्षा साडेचार अंश किंवा त्याहून जास्त खाली गेलं की ते लाट म्हणतात. गावठी खूण पण खरी आहे: दिवसभर उत्तरेचा वारा, संध्याकाळी वारा पडला अन् आभाळ स्वच्छ, चांदण्या लखलख, म्हणजे ती रात्र भारी जाणार. आभाळ आलं की सुटका.

टप्पा १०: काढायचं कधी

महाशिवरात्र झाली की साड्यांचं छत, बारदाना, दाराखालची रेतीची नळी सगळं खाली काढा. होळीपर्यंत ठेवलं तर त्यात उंदीर घर करतात, मागच्या वर्षी आमच्या छतातून पाच पिल्लं पडली, सरळ काकाच्या ताटात. काढलेलं धुऊन, वाळवून, कडुनिंबाचा पाला टाकून पोत्यात भरा अन् पोत्यावर खडूनं लिहून ठेवा, कोणत्या खोलीचं आहे ते. उत्तरेच्या भिंतीच्या भरलेल्या फटी तशाच राहू द्या, पण दक्षिणेच्या खिडकीच्या पट्ट्या काढा, मे महिन्यात त्याच खिडकीसाठी तुम्ही तडफडाल.